एक दिवसाआडची गाडी

त्याला गल्लीत सगळे बारा-तेरा म्हणत. खरं नाव पोस्टमनला माहीत असेल, बाकी कुणाला त्याची गरज पडली नाही. लोक खिशाला पेन लावतात, हा पाना लावायचा. एका टोकाला बारा नंबर, दुसऱ्या टोकाला तेरा. त्याच्या सगळ्या शर्टांचे खिसे त्या वजनाने लोंबलेले, आणि बायको दर दोन-तीन महिन्यांनी ते पुन्हा शिवत बसलेली. "पेन लावणारा नवरा मिळाला असता तर माझे डोळे तरी राहिले असते," असं ती म्हणायची. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा. पुढे पुढे ते करायचीही गरज राहिली नाही. त्याला खरंच ऐकू येईनासं झालं.

एकतीस वर्षं तो छापखान्यात मशीनवर होता. तिथलं मोठं यंत्र सुरू झालं की खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि हा त्या यंत्राला खेटून उभा. कानात कापूस घाला म्हणून मालकाने सांगून पाहिलं, पण हा पडला हट्टी. कापूस घातला तर यंत्र काय म्हणतंय ते कसं कळणार? आणि त्याचंही बरोबर होतं म्हणा. रोलर घासतोय, पट्टा सैल झालाय, कागद दमट आहे, हे सगळं तो नुसत्या आवाजावरून सांगायचा आणि ते अचूक निघायचं. ज्या कानांनी नाव दिलं तेच कान त्या यंत्राने खाल्ले. निवृत्त झाला तेव्हा माणसांचं बोलणं बरंचसं कळायचं, पण चिरचिर, गुणगुण, घरघर असलं काही आत पोचायचं नाही. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरला नाही, मुलीला नाही, बायकोला तर मुळीच नाही.

आता गाडीबद्दल. गाडी घेतली तेव्हाच ती दुसऱ्याने वापरून वापरून टाकलेली होती. गेली एकोणीस वर्षं ती ह्याच्याकडे आहे आणि तिच्यावर चार लाख बारा हजार किलोमीटर झाले आहेत. रंग एकेकाळी पांढरा होता असं कागदपत्रं म्हणतात. मागचं डावं दार आतून उघडत नाही. ड्रायव्हरच्या बाजूची काच वर करताना एका हाताने वर ओढावी लागते. पण इंजिन! इंजिनाबद्दल बोलायला लागला की बारा-तेराचा चेहरा असा खुलायचा की समोरच्याने निघायचा विचार सोडून द्यावा. क्लच त्याने तीनदा बदलला होता, रेडिएटर दोनदा, वायरिंग तर इतक्या वेळा की कुठली तार कुठे जाते हे फक्त त्यालाच ठाऊक. एकही काम त्याने गॅरेजमध्ये दिलं नाही. गॅरेजवाले गाडी उघडतात आणि बंद करतात, दुरुस्त कुणी करत नाही, हे त्याचं ठाम मत. त्यावर वाद घालायची कुणाची टाप नव्हती.

हा सगळा हौसेचा मामला होता तोवर ठीक होतं. चार वर्षांपूर्वी बायकोच्या किडन्या गेल्या आणि हौस संपली.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सातला निघायचं, अडतीस किलोमीटरवरच्या हॉस्पिटलात नऊला पोचायचं. चार तास ती आत मशीनला जोडलेली, हातात दोन जाड सुया. दुपारी परत. सुरुवातीला भाड्याच्या गाडीने नेऊन पाहिलं. परतताना तिला उलटी झाली आणि त्या ड्रायव्हरने जे तोंड वेंगाडलं ते बारा-तेराने बघितलं. त्या दिवशी त्याने ठरवलं की पुन्हा हिला दुसऱ्याच्या गाडीत बसवायचं नाही. घरी येऊन त्याने पुढच्या सीटची पाठ सोडवली, तिचा खटका तासून पुढे सरकवला आणि सीट पार आडवी पडेल अशी करून टाकली. वर गादी, उशाशी गुंडाळलेली चादर. मशीनवरून सुटल्यावर पिळून काढलेल्या कपड्यासारखी झालेली ती बाई त्या सीटवर आडवी व्हायची आणि घरापर्यंत डोळे मिटून पडायची.

राहिले मंगळवार, गुरुवार, शनिवार. ते गाडीचे. एक दिवसाआड पाऊणशे किलोमीटर धावणारी म्हातारी गाडी काही ना काही मागतेच. आज पाण्याचा पाइप, परवा सायलेन्सरची क्लिप, तेरवा आणखी काही. एक दिवस बायको मशीनवर, एक दिवस गाडी जॅकवर. मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, नवी गाडी घेऊन देते, ड्रायव्हर ठेवते, पण तुम्ही त्या गाडीखाली झोपणं बंद करा." हा म्हणायचा, "हो हो, बघू." त्याची कंबर गेली होती, डावा खांदा वर होत नव्हता, आणि गाडीखालून बाहेर यायला त्याला आता आधी कुशीवर वळावं लागायचं, मग गुडघ्यावर यायचं, मग बंपर धरून थोडा वेळ तसंच थांबायचं. सदुसष्ट वर्षांचा माणूस तो. बघणाऱ्याला कीव यायची, पण बघायला होतं कोण?

तर कान गेलेला माणूस गाडी कशी सांभाळत होता, हा प्रश्न तुम्ही विचारायच्या आधी मीच सांगतो. कान बायकोचे होते.

ती आडवी पडल्या पडल्या ऐकायची. दुसरं करायला तिला होतं काय! आणि तिने आवाजांना नावं पाडली होती. पट्टा ओरडला की "आज चिमणी बोलली हं." सायलेन्सरचा पत्रा हलला की "खुळखुळा सुरू झाला." थंड इंजिन सुरुवातीला अडखळलं की "म्हातारबुवा खोकतायत." आणि हा दर वेळी काय म्हणायचा? "हो, मीही ऐकलं मघाशी." किंवा, "मला वाटलंच होतं." कुठलं ऐकलं नि कुठलं वाटलं! पण दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर तोच भाग उघडायचा, दुरुस्त करायचा, आणि वहीत तारीख, किलोमीटर आणि आवाजाचं नाव लिहून ठेवायचा. चार लाख चार हजार, चिमणी. चार लाख सहा हजार, खुळखुळा. ती वही दुसऱ्या कुणाच्या हाती लागली असती तर त्याने ह्याला वेड्यातच काढलं असतं.

गेले तीन आठवडे वही कोरी होती. बारा-तेरा भलताच खूश होता. दोन दिवसांपूर्वी तर त्याने दुधवाल्याला थांबवून सांगितलं, "तीन आठवडे हूं नाही की चूं नाही. ह्या वयाची गाडी दाखव मला अशी." दुधवाल्याने मान डोलावली आणि सटकला.

त्या गुरुवारी त्याने गाडी जॅकवर चढवली ती पुढचे ब्रेक पॅड बदलायला. पॅड झिजल्याचं त्याला दिसलं होतं, त्याला कान लागत नाहीत. डावं चाक वर उचललं आणि सवयीने त्याने ते वर-खाली धरून हलवलं. चाक हललं. थोडंथोडकं नाही, दार हलावं तसं. त्याने एक हात स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवलं, तर तळव्याला खरखर लागली, वाळूत काहीतरी रगडावं तशी. कानाला काही नाही, हाताला सगळं. चाकाचं बेअरिंग गेलं होतं. पार गेलं होतं. ह्या चाकावर तो काल बायकोला आडवी झोपवून अडतीस किलोमीटर गेला होता आणि आला होता.

आणि उद्या शुक्रवार.

मग काय, लागला कामाला. मधला मोठा नट काही केल्या सुटेना. पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवून तो त्यावर उभा राहिला, भिंतीला धरून, आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. दुसऱ्या झटक्याला नट सुटला आणि हा जमिनीवर बसला. उठायला बराच वेळ लागला. बेअरिंग ज्या लोखंडी घरात बसतं ते अख्खं घर त्याने काढलं, गोणपाटात गुंडाळलं आणि खांद्याला लावून निघाला, कारण बेअरिंग त्या घरातून दाबून काढायला प्रेस लागतो आणि प्रेस लेथवाल्याकडे. जाताना बायकोला दारातूनच सांगितलं, "जरा लेथवर जाऊन येतो."

ती टेबलाशी बसली होती, समोर दिवसभराच्या पाण्याची, डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे मोजून भरलेली बाटली. तिने गोणपाटाकडे बघितलं.

"काय निघालं?" तिने विचारलं.

"काही नाही. बेअरिंग."

"बरं," ती म्हणाली, आणि बाटलीचं झाकण उघडून पुन्हा लावलं. पाणी प्यायली नाही.

लेथवाला ह्याच्याच वयाचा, चाळीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याच्या दुकानात कायम इतका गोंगाट की तिथे सगळेच बहिरे, म्हणून बारा-तेराला तिथे बरं वाटायचं. शेजारच्या स्पेअरच्या दुकानातून नवं बेअरिंग आणलं. लेथवाल्याने जुनं प्रेसखाली धरून बाहेर काढलं, आणि ते हातात घेऊन बघतच राहिला. आतल्या गोळ्या निळ्या-काळ्या पडलेल्या, दोन तर फुटलेल्या. त्याने लेथ बंद केला. लेथवाल्याने लेथ बंद केला म्हणजे गोष्ट साधी नव्हती.

"ही गाडी तू चालवत होतास?"

"मग कोण चालवणार?"

"अरे शहाण्या, आणखी आठ-दहा फेऱ्या आणि चाक रस्त्याने वेगळं गेलं असतं आणि तू वेगळा. आणि हे काल गेलेलं नाही. महिना झाला असेल. महिनाभर गाडी बोंबलत असणार ही! आत बसल्यावर शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसेल इतकी घरघर. तुला ऐकू आलं नाही?"

"आलं की," बारा-तेरा म्हणाला.

"मग?"

"आजच वेळ मिळाला."

लेथवाल्याने कपाळावर हात मारला. नवं बेअरिंग बसवून दिलं, पुन्हा लेथ सुरू केला आणि पाठ फिरवली. त्याला राग आला होता, आणि तो खरा होता.

परतताना खांद्यावरचं ओझं जाताना होतं तेवढंच होतं, पण बारा-तेरा दोनदा थांबला. महिनाभर बोंबलत असणार. शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नसेल. आणि शेजारी कोण होतं? जिला पत्र्याचा एक स्क्रू सैल झालेला कळतो, ती. पट्टा ओरडायच्या आदल्या दिवशी "उद्या चिमणी बोलणार" असं सांगणारी ती. तिला ऐकू आलं नाही? छे! मग त्याला मुलीची गोष्ट आठवली. तीन आठवड्यांपूर्वी मुलगी दोन दिवस आली होती, हॉस्पिटलला बरोबर आली होती, मागे बसली होती. पुलावर ती पुढे वाकून काहीतरी म्हणाली. त्याला कळलं नाही. बायको लगेच म्हणाली, "काच उघडी आहे गं, वारा वाजतोय." आणि तिने हात लांब करून काच वर केली होती. बारा-तेरा भर रस्त्यात उभा राहिला. मागून सायकलवाला घंटी वाजवत होता म्हणे, ह्याला काय पत्ता. सायकलवाला काहीतरी बोलून बाजूने गेला.

त्याला आधी आला तो राग. साधासुधा नाही, अंगाचा तिळपापड होईल असा राग. चार वर्षं एक दिवसाआड गाडीखाली लोळतोय तो कुणासाठी? आणि हिने मूग गिळून बसावं? चाक निखळलं असतं म्हणजे!

घरात शिरला तेव्हा ती तिथेच बसली होती. त्याने गोणपाट दारातच ठेवलं आणि खिशातून जुनं बेअरिंग काढून तिच्यासमोर टेबलावर आपटलं.

"हे वाजत होतं," तो म्हणाला. "महिनाभर."

तिने त्याच्याकडे बघितलं. खोटं बोलायची तिला कधी सवय नव्हती आणि आता ती लावून घेण्याइतकी ताकद नव्हती.

"हो," ती म्हणाली.

"तुला ऐकू येत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. आधी गुणगुण होती, मग घरघर झाली. पुलावर जास्त यायची."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुरुस्त केली असती."

बारा-तेराला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिने पुन्हा सांगितलं, सावकाश, त्याच्याकडे तोंड करून, जसं ती गेली दोन वर्षं त्याच्याशी बोलत आली होती.

"तुम्ही दुरुस्त केली असती, आणि मग पुन्हा सोमवार, बुधवार, शुक्रवार. मला वाटलं, एक दिवस बंद पडेल कुठेतरी रस्त्याच्या कडेला. कुणाचा दोष नाही. गाडीच बंद पडली म्हटल्यावर कोण काय बोलणार? आपण दोघं घरी येऊ आणि त्या दिवशी मला कुणी सुया टोचणार नाही."

"अगं, चाक गेलं असतं! आपण दोघंही गेलो असतो!"

"ते मला माहीत नव्हतं." तिने टेबलावरच्या बेअरिंगकडे बघितलं. "देवाशपथ नव्हतं माहीत हो. मला वाटलं नुसती थांबते गाडी. मला काय कळतं त्यातलं? मी फक्त ऐकते."

तो खुर्ची ओढून बसला. राग कुठे गेला त्याचं त्यालाच कळेना. बसल्यावर कंबर इतकी दुखली की त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले.

"मला सांगायचं होतंस," तो म्हणाला. "नको म्हणून."

"कुठल्या तोंडाने सांगू? तुम्ही एक दिवसाआड सिमेंटवर पाठ टेकून पडता. उठता येत नाही तुम्हाला, बंपरला धरून उभे राहता, मी खिडकीतून बघते की नाही? त्या माणसाला मी सांगू, की ज्याच्यासाठी तुम्ही हे करताय ते मला नकोच आहे?"

बारा-तेराने खिडकीकडे बघितलं. बाहेर गाडी एका बाजूने जॅकवर होती, चाक भिंतीला टेकवलेलं. ती बाटलीचं झाकण फिरवत होती.

"मलाही कंटाळा आलाय," तो शेवटी म्हणाला. चार वर्षांत हे वाक्य त्या घरात कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं. "खूप आलाय. रविवारी रात्री झोपताना वाटतं, सोमवार उजाडूच नये. आणि लगेच स्वतःची लाज वाटते."

"माहीत आहे."

"कसं?"

"झोपेत बोलता तुम्ही."

त्याला हसू आलं, नको असताना आलं. तीही हसली, थोडीशीच.

"आणि मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. आता निघालंच होतं तर सगळंच निघू दे. "चिमणी, खुळखुळा, काहीच नाही. कधीच आलं नाही."

"अहो, ते मला तुमच्या आधी कळलं. नाहीतर नावं कशाला पाडत बसले असते मी?"

त्याच्या डोक्यात चाललं होतं की अकरा वाजले आहेत, पाइपला भोक पडलं असतं तर आत्तापर्यंत बदलून झालं असतं, बेअरिंगला मात्र दुपार जाईल. त्याचे हात उठायला तयार नव्हते. उभ्या आयुष्यात त्याने एक गोष्ट उघडी टाकून दिली नव्हती. शेजाऱ्याचा पंखा नाही, शाळेतल्या बाईंचं शिलाई मशीन नाही, काही नाही. बिघडलं की दुरुस्त करायचं, यापलीकडे त्याला जगण्याचा दुसरा काही मार्ग माहीत नव्हता. आणि आता समोर बसलेली ही बाई, चाळीस वर्षं बरोबर असलेली बायको, त्याला सांगत होती की सगळं दुरुस्त करायचं नसतं. ती तसं म्हणाली नव्हती, पण त्याला तसंच ऐकू आलं, आणि त्याला भीती वाटली. ती नसेल तर हे घर कसं असेल, हे त्याने गेली चार वर्षं गाडीखाली पडून विचारात येऊ दिलं नव्हतं. आता ते आलं.

"बसवू की नको?" त्याने विचारलं. "तू सांग. तू नको म्हणालीस तर मी चाक तसंच ठेवतो. मुलीला मी फोन करतो, डॉक्टरशी मी बोलतो. तुला काही बोलावं लागणार नाही."

हे बोलताना त्याचा आवाज कसा येत होता कुणास ठाऊक. स्वतःचाही आवाज त्याला हल्ली लांबून यायचा.

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. हातावर जिथे सुया टोचायच्या तिथे शीर दोरीसारखी फुगलेली होती. त्यावरून ती अंगठा फिरवत राहिली. घाई तिला नव्हती आणि त्यालाही करायची नव्हती.

"बसवा," ती म्हणाली.

त्याने सोडलेला श्वास तिला नक्की ऐकू गेला असणार.

"आत्ता बसवा. पण एक सांगते, आणि मधे बोलू नका. एक दिवस येईल, मी नको म्हणेन. उद्या नाही, परवा नाही, पण येईल. त्या दिवशी मी गाडीवर ढकलणार नाही, तुमच्या तोंडावर सांगेन. त्या दिवशी तुम्ही काहीही दुरुस्त करायचं नाही. मला पण नाही. पाना हातात घ्यायचा नाही, डॉक्टरकडे धावायचं नाही, नुसतं माझ्याजवळ बसायचं. कबूल?"

बारा-तेराने खिशातला पाना काढून टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. हे तो कसं करणार होता ते त्याला अजिबात माहीत नव्हतं. करू शकेल की नाही तेही माहीत नव्हतं.

"कबूल," तो म्हणाला.

"पुन्हा म्हणा. माझ्याकडे बघून."

त्याने तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा म्हटलं. मग तो पाना आणि गोणपाट उचलून बाहेर गेला, गुडघ्यावर येऊन, कुशीवर वळून, गाडीखाली शिरला आणि चाक बसवायला लागला.